लाकडाचा मासा आणि कष्टकऱ्याचा हात

पावसाळ्यात नाल्याला पाणी आले की पिंपळगाव राजासारख्या गावातली पोरे बांबूची काठी घेऊन काठावर बसतात. दोऱ्याला गळ, गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी आणि वर तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा. मासा खायला येतो आणि अडकतो. पण गळाला खाण्यासारखे काहीच नसेल तर? नुसता रंगवलेला लाकडाचा मासा असेल तर? तरीही शिकारी मासा झडप घालतो! आपल्याकडची मरळसुद्धा अशा नकली शिकारीवर तुटून पडते.

या फसव्या माशाला 'लूर' म्हणतात. जुने लाकडी लूर ओळखणे आणि जमवणे हा परदेशात मोठा छंद आहे. अमेरिकेत अशा संग्राहकांनी १९७६ साली आपला क्लबच स्थापन केला. २००३ मध्ये तेथे एका जुन्या तांब्याच्या लूरला लिलावात एक लाख डॉलरहून अधिक किंमत आली. वाचकांना नवल वाटेल, पण या वस्तूंचा जन्म श्रीमंतांच्या दिवाणखान्यात झालेला नाही.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात डोवाजियाक नावाचे गाव आहे. तेथील जेम्स हेडन हे मधमाशा पाळीत. एकदा मित्राची वाट पाहताना त्यांनी हातातली तासलेली काटकी पाण्यात भिरकावली आणि माशाने तिच्यावर झेप घेतली, असे सांगतात. पुढे त्यांनी लाकडी लूरचा कारखाना काढला.

फिनलंडच्या लाउरी रापाला यांची गोष्ट तर आपल्या घरातलीच वाटावी. गरीब घरचा हा माणूस हिवाळ्यात लाकूडतोड करी, उन्हाळ्यात मासेमारी. नोंदवहीत लिहिताना आईचे आडनाव पाद्र्याला आठवेना, म्हणून त्याने गावाचेच नाव लिहिले. तेच आडनाव झाले! जखमी मासोळी डगमगत पोहते आणि मोठा मासा नेमका तिलाच धरतो, हे रापालांनी नावेत बसून पाहिले. १९३६ साली त्यांनी चांभारी सुरीने बुचाचे लाकूड कोरले, पॉलिशकागदाने घासले, वर चॉकलेटची चांदी चिकटवली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून तिचा लेप दिला. शाळेने नव्हे, निरीक्षणाने हे शिकवले. १९६२ मध्ये अमेरिकेच्या 'लाइफ' मासिकात त्यावर लेख आला आणि रापाला हे नाव जगभर गेले.

जुना लूर ओळखावा कसा?

प्रथम अंग पाहा. प्लास्टिकच्या माशाला दोन अर्धे जोडल्याची बारीक रेघ असते. लाकडाला ती नसते. मग डोळे पाहा. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या चांगल्या लूरना बहुधा काचेचे डोळे बसवीत. नंतर रंगवलेले डोळे आले. मात्र नुसत्या काचेच्या डोळ्यावर विसंबू नये.

गळ कशाने टांगला आहे ते तपासा. सुरुवातीला लाकडात साधा कडीचा स्क्रू असे. पुढे त्याभोवती धातूची वाटी आली, नंतर पत्र्याच्या पट्ट्या आल्या. या बदलावरून काळाचा अंदाज येतो. पंख्यावर किंवा तोंडाच्या पत्र्यावर कारखान्याचे नाव ठोकलेले असू शकते. इंडियाना राज्यातील क्रीक चब कंपनी जाळीतून रंग फवारून खवले उमटवीत असे. मूळ खोका सोबत असेल तर मोल आणखी वाढते.

खोटेपणाही ओळखता येतो. वापरलेल्या लूरच्या पोटावर गळाच्या टोकाने ओढलेल्या कमानीसारख्या रेघा असतात. जुन्या रंगाला बारीक तडे जातात. गळ गंजलेला आणि अंग मात्र कोरे करकरीत, किंवा स्क्रूच्या माथ्यावरच रंग चढलेला, असे दिसले तर तो पुन्हा रंगवला आहे असे समजावे. आपल्याकडे जुनी वस्तू चमकवून ठेवण्याची हौस फार. पण नवा रंग दिला की अशा वस्तूचे मोल उतरते. साबणाने धुऊ नये, तेल लावू नये. उन्हापासून दूर ठेवावी. गळ धारदार असतात, म्हणून लहान मुलांच्या हाती देऊ नये.

असा लूर पिंपळगावच्या आठवडी बाजारात सापडेल, असे आम्ही म्हणत नाही. मुंबईच्या चोरबाजारात किंवा भंगाराच्या ढिगात कधी दिसला, तर मात्र घाई न करता डोळे, कडी आणि रंग पाहावा. वजनावर विकणाऱ्याला त्याची ओळख नसते, आणि ज्याला ओळख आहे तो पूर्ण किंमत सांगतोच असे नाही.

मुख्य गोष्ट वेगळीच आहे. रापालांचा बुचाचा तुकडा जगाला माहीत झाला, कारण तो कोणी आणि कसा घडवला हे लिहून ठेवले गेले. आपल्या घरातही तिफणीचे चाडे, लाकडी पायली, आजोबांचा रंधा पडलेला असतो. त्यांचा इतिहास कोणी लिहीत नाही, आणि एके दिवशी ते चुलीत जाते. मुलांनो, या रविवारी एवढेच करा. अशा एका वस्तूजवळ आजीला बसवा. ती कोणी केली, कधी आणली, कोणत्या कामाला वापरली हे विचारा आणि कागदावर लिहून त्या वस्तूला बांधून ठेवा.