नाव हरीचे, जागा पायरीची

देवाच्या नावाची विटंबना म्हटली की कोणी देवाला शिवी दिली, मूर्ती फोडली, एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. नाव भक्तिभावाने घेऊनही त्याचा गैरवापर करता येतो, किंबहुना मोठा गैरवापर तसाच होतो. ‘हरिजन’ हा शब्द त्याचा ठळक पुरावा आहे असे मी मानतो.

त्याआधी नामाविषयी थोडे. वेदमंत्राला अधिकार लागे. शूद्राने तो ऐकणेही पाप. वारकऱ्यांच्या नामाला सोवळे नाही, मुहूर्त नाही, मध्यस्थ नाही. दळताना, विणताना, मेलेले ढोर ओढतानाही ते घेता येते. म्हणून चोखोबा, सोयराबाई, बंका, कर्ममेळा ही महारवाड्यातली माणसे अभंग रचू शकली. हे देणे मी लहान मानत नाही. पण नाम मिळाले, देऊळ मिळाले नाही. मंगळवेढ्याला १३३८ साली गावकूस कोसळून चोखोबा गेले. कथा अशी की नामदेवांनी ढिगाऱ्यातल्या हाडांना कान लावला. ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची. ती पंढरपूरला आणून महाद्वारापाशी पुरली. कीर्तनात ही कथा ऐकताना लोक डोळे पुसतात. आणि त्याच समाधीपुढे चोखोबांच्या जातभाईंना सहाशे वर्षे पाऊल टाकता आले नाही! १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केले, तेव्हा दार उघडले. नाम देण्यात कोणाचे काही जात नव्हते; दार उघडण्यात जात होते.

‘हरिजन’ हा शब्द याच हिशेबातला. नरसी मेहतांच्या पदांत हरिजन म्हणजे हरीचा भक्त, मग तो कोणीही असो. गांधीजींनी तो अस्पृश्यांपुरता केला. १९३३ च्या फेब्रुवारीत पुण्याहून ‘हरिजन’ साप्ताहिक निघाले. हेतू अपमानाचा नव्हता, हे मान्य. पण नावात हरी आला तरी पाणवठा वेगळाच राहिला, हातातला झाडू सुटला नाही. ‘अस्पृश्य’ या शब्दात निदान अन्यायाची कबुली होती. कोणीतरी शिवत नाही, हे त्यातून कळे. नव्या नावाने ती कबुलीही पुसली.

जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात स्थानिक मंडळांच्या विधेयकात हा शब्द आला. दादासाहेब गायकवाडांनी विचारले, आम्ही देवाची माणसे, तर बाकीचे काय राक्षसांची? सरकारपक्षाने हरकत मानली नाही. बाबासाहेब आपल्या पक्षाच्या सभासदांसह सभागृहाबाहेर पडले. ज्यांचे नाव, त्यांनाच त्यात मत नव्हते.

१९८२ साली केंद्र सरकारने राज्यांना कळवले की जातीच्या दाखल्यावर ‘हरिजन’ लिहू नये. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानेही हा शब्द अपमानकारक ठरवला. माझ्याकडे विद्यार्थी आजोबांच्या शाळेचे दाखले घेऊन येतात. काहींवर जातीच्या रकान्यात हाच एक शब्द असतो. अनुसूचित जातींच्या यादीत महार आहे, मांग आहे, चांभार आहे. हरिजन नावाची जात नाही. मग पडताळणीसाठी दुसरे जुने कागद शोधत कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.