बंद घरातलं सामान कोणाचं?

फार्गोहून पश्चिमेला निघालं की तासाभरात गावं विरळ होत जातात. रस्ता पट्टीने आखल्यासारखा सरळ आणि दोन्ही बाजूंना गहू, सोयाबीन, नाहीतर सूर्यफूल. मध्येच एखाद्या शेतात ओळीने लावलेली झाडं दिसतात. नॉर्थ डकोटाच्या या माळरानावर अशी ओळीतली झाडं आपोआप उगवत नाहीत, वारा अडवायला कोणीतरी ती लावलेली असतात. म्हणजे तिथे घर होतं, किंवा अजून आहे, पण खिडक्या फुटलेलं आणि छप्पर मधोमध खचलेलं.

इथे राहायला आल्यावर सुरुवातीला मला ही घरं बघून भीती वाटायची, नंतर कुतूहल वाटू लागलं. गेल्या मे महिन्याच्या अखेरीस अशा एका घरात जाण्याचा योग आला. घर माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या पणजोबांनी बांधलेलं. नॉर्वेहून आलेल्या या माणसाने सरकारी योजनेत जमीन घेतली होती. 1862 च्या होमस्टेड कायद्याप्रमाणे 160 एकर मिळायचे. अट अशी की पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. नॉर्वेचे शेतकरी, रशियातून आलेले जर्मन असे हजारो लोक या भागात आले ते त्यासाठीच.

मग ते गेले का? कारण एकच नाही. 1930 च्या दशकातला दुष्काळ आणि धुळीची वादळं, त्यानंतर मोठे ट्रॅक्टर आले, जिथे चार कुटुंबं राबायची तिथे एक पुरू लागलं. 1980 च्या दशकात कर्जाचं व्याज भडकलं, जमिनीचे भाव कोसळले आणि उरलेल्यांपैकीही बरेच उठले. 1930 साली या राज्याची लोकसंख्या 6 लाख 80 हजार होती. 2010 च्या जनगणनेत ती 6 लाख 72 हजार भरली, म्हणजे 80 वर्षांनीही तिथेच. त्यानंतर तेलामुळे आणि फार्गोसारख्या शहरांमुळे आकडा वाढला, पण ही गावं काही भरली नाहीत.

सहकाऱ्याच्या वडिलांनी त्याच काळात शेत शेजाऱ्याला विकलं आणि ते शहरातल्या लहान घरात गेले. तिथे मावेल तेवढं नेलं, बाकी तसंच राहिलं. शेजाऱ्याला जमीन हवी होती, घर नको होतं. इतकी वर्षं तो घराला वळसा घालून नांगरत आला. आता त्याने कळवलं होतं की या उन्हाळ्यात घर पाडून खड्ड्यात पुरणार, काही हवं असेल तर घेऊन जा.

आमच्याबरोबर सहकाऱ्याची आत्या होती. वय 89, पायांनी चालणं कठीण. ती गाडीतच बसली. आम्ही दार-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबलो. इथल्या रानउंदरांच्या लेंड्यांतून हंता विषाणूचा आजार होतो, त्यामुळे बंद घरात शिरताना हवा खेळू द्यायची, मास्क लावायचा, झाडू तर अजिबात मारायचा नाही. जमीनही कुठे कुजलेली असेल सांगता येत नाही. भिंतीच्या कडेकडेने पावलं टाकत आत गेलो.

आत सगळं होतं. खुंटीवर कोट. दुधातून साय वेगळी काढायचं लोखंडी यंत्र. तळघरात फळांच्या काचेच्या बरण्या, आतलं काळं पडलेलं. नॉर्वेजियन बायबल. धान्य कोठारवाल्यांनी वाटलेलं कॅलेंडर. भिंतीवरचा कागद सोलवटून खाली आणखी दोन थर दिसत होते. सहकारी एकेक वस्तू उचलून बघत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर फारसं काही उमटत नव्हतं. तो इथे कधी राहिलाच नव्हता.

मी प्रत्येक गोष्टीचा फोटो काढून गाडीपाशी जाऊन आत्याला दाखवू लागले. तिने विचारलं, "स्वयंपाकघरातल्या खणात वही आहे का बघ." होती. उंदरांनी कडा कुरतडलेल्या, पण अक्षर वाचता येत होतं. तिच्या आईचा अंडी आणि साय विकल्याचा हिशेब. रोजची डझनं, मिळालेले पैसे. काही आठवड्यांसमोर बारीक फुली होती. आम्हाला वाटलं, उधारी असेल.

आत्या म्हणाली, "त्या आठवड्यांचे अंड्यांचे पैसे आई वेगळे ठेवायची. माझ्या कॉलेजच्या फीसाठी. वडिलांना माहीत नव्हतं."

ती पुढे चाळीस वर्षं शाळेत शिकवत होती, हे सहकाऱ्याला ठाऊक होतं. फुलीचं ठाऊक नव्हतं. ती नसती तर ती वहीही जुलैमध्ये खड्ड्यात गेली असती आणि कोणाला चुटपुटही लागली नसती. निघताना तिने घरामागच्या लायलॅकच्या फांद्या तोडून आणायला सांगितल्या. जांभळ्या फुलांचं हे झुडूप इथल्या पडक्या घरांपाशी हमखास दिसतं. घर जातं, ते फुलत राहतं.

मला आपल्याकडचं जोतं आणि त्यापुढचं तुळशीवृंदावन आठवलं.

माझं माहेरचं घर संगमेश्वर तालुक्यात आहे. चिऱ्याचं, कौलारू, ओटी, माजघर, मागे पडवी. गणपतीत पाच दिवस उघडतं, मग पुन्हा कुलूप. इथे घर टाकलं गेलं कारण जमिनीला एक मालक मिळाला आणि त्याला घर नको होतं. आमचं उलट. सातबारा सामाईक, सगळेच मालक, म्हणून एक कौल बदलायचं तरी कोणी ठरवत नाही. पण पाऊस काही सह्यांसाठी थांबत नाही. एक कौल फुटलं की वासा भिजतो, वासा कुजला की भिंत धरते पाणी.

मी परत आले त्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवर चुलत भावाचा निरोप होता: माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी मोडीत घालू, त्या पैशांत शाकारणी होईल. सूचना चुकीची नव्हती. तो डोंबिवलीहून स्वतःच्या खर्चाने फेऱ्या मारतो, आम्ही लांबून अंगठे दाखवतो. मी फक्त म्हटलं, "दादा, देण्याआधी सगळी भांडी ओटीवर मांडून काकूला व्हिडिओवर दाखवूया."

काकू 81 वर्षांची, हल्ली चिपळूणला मुलीकडे असते. तिकडे रविवार सकाळ, इकडे शनिवारची रात्र. दादा एकेक भांडं उचलून त्यावर घातलेलं नाव वाचत होता. आजीचं, पणजीचं, काकूचं स्वतःचं. मग पाणी तापवायच्या मोठ्या हंड्यावर एका बाईचं नाव आलं, ते आम्हा कोणालाच माहीत नव्हतं.

काकू जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अरे, त्या तुमच्या आजोबांच्या पहिल्या. पहिल्याच बाळंतपणात गेल्या. हंडा त्यांच्या माहेरचा. सासूबाई दर दिवाळीला पहिलं पाणी त्यातच तापवायच्या, आधी हळदकुंकू लावून. मला म्हणाल्या होत्या, हा मोडू नकोस."

आजोबांचं आधी एक लग्न झालं होतं हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. माझ्या आजीने सवतीची आठवण आयुष्यभर सांभाळली, आणि ती आम्ही किलोच्या भावाने देणार होतो.

"हंडा ठेवा, बाकी घाला," काकू म्हणाली. तसंच केलं. पैशांत ओटीवरचं आणि माजघरावरचं छप्पर झालं, पडवी राहिली.

सगळं सामान वाचवा, असं मी म्हणणार नाही. ते शक्य नाही, आणि ठेवायचं तरी कुठे? पण तुमचंही घर गावाला असंच बंद असेल, तर भंगारवाला यायच्या आधी घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला फोन लावा. दादाने आता एक वही केली आहे: वस्तू, कोणाची, कोणी सांगितलं. आतापर्यंत 43 नोंदी झाल्या. माळ्यावरची लाकडी पेटी राहिली आहे, तिची किल्ली सापडत नाही. काकू म्हणते, ती फडताळाच्या मागे खिळ्याला असेल. गणपतीला बघू.