टीव्हीला इंटरनेट जोडण्याआधी

हल्ली बैठकीत हिशोब संपला, सह्या झाल्या की एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, छत्रीचं रिचार्ज बंद करून इंटरनेटवरचा टीव्ही घ्यावा का? पोरं मागं लागलीत." आमच्या गटांतल्या काही घरांत तो आलेला आहे. तिथं बसून आम्ही सगळं बघून घेतलं, तेच आज सांगतो.

आधी फरक समजून घेऊ. छत्रीवरचा कार्यक्रम पावसासारखा असतो, सगळ्यांच्या अंगणात सारखा पडतो. तुम्ही एक तास बघा की दहा तास, रिचार्ज तेवढंच. इंटरनेट म्हणजे मीटर लावलेला नळ. जेवढं बघाल तेवढा डेटा जातो. साध्या चित्राला तासाला एक जीबीच्या आसपास आणि एचडी, म्हणजे जास्त स्वच्छ चित्राला, दोन ते तीन जीबी. मोबाईलच्या पॅकमध्ये रोज दीड जीबी मिळत असेल, तर त्याच्या हॉटस्पॉटवर एक सिनेमासुद्धा पुरा होत नाही. मग पडद्यावर ते गोल चाक फिरत राहतं आणि घरातले म्हणतात टीव्ही बिघडला. टीव्ही ठणठणीत असतो, डेटा संपलेला असतो.

म्हणून रोज बघायचं असेल तर घरात वायरीचं इंटरनेट हवं. ते घेताना "शंभरचा स्पीड घ्या" असा आग्रह होतो. एका टीव्हीवर एचडी चित्र दिसायला पाच एमबीपीएस स्पीड पुरतो. तीसचा प्लॅन असला तरी टीव्ही आणि दोन-तीन मोबाईल आरामात चालतात. पैसे भरण्याआधी त्याच वायरीवर इंटरनेट घेतलेल्या शेजारणीकडं संध्याकाळी सात-आठ वाजता जाऊन बघा. दुपारी सगळीकडंच छान चालतं! आणि लाईट गेली की राऊटर बंद पडतो, म्हणजे इन्व्हर्टरवरचा टीव्ही सुरू राहिला तरी इंटरनेट गेलेलं असतं. राऊटरसाठी छोटी बॅटरी वेगळी मिळते. भारनियमनाच्या गावात तिचाही खर्च आधीच धरा.

आता टीव्हीच्या मागं बघा. एचडीएमआय नावाची चपटी, रुंद खाच आहे का? असेल तर स्मार्ट टीव्ही नसला तरी चालतो. बोटभर लांबीची स्ट्रीमिंग स्टिक किंवा छोटा अँड्रॉईड बॉक्स त्या खाचेत बसतो. फक्त पिवळी-पांढरी-लाल अशी तीन भोकं असतील तर मध्ये कन्व्हर्टर लागतो. जुन्या खोक्याच्या टीव्हीवर हा खर्च करू नये असं आमचं मत आहे. चित्र दिसतं, पण त्यावरची अक्षरं वाचता येत नाहीत.

जोडणी सोपी आहे. स्टिक खाचेत बसवा, तिची वायर सोबत आलेल्या चार्जरनं भिंतीच्या प्लगला लावा. टीव्हीच्या यूएसबीला लावली तर वीज कमी पडून ती मध्येच बंद-चालू होते. रिमोटवरचं सोर्स किंवा इनपुट बटण दाबून एचडीएमआय निवडा. मग वायफायचं नाव आणि पासवर्ड टाका. पुढं ॲप उघडलं की पडद्यावर एक कोड येतो, तो आपल्याच मोबाईलमध्ये टाकायचा.

इथंच सांभाळायचं. हा कोड फोनवर कुणाला सांगायचा नाही. शेजारच्या गावातल्या एका ताईंनी अडचण आली म्हणून इंटरनेटवर शोधून 'कस्टमर केअर'ला फोन लावला. समोरच्यानं ॲक्टिव्हेशनचे पैसे मागितले आणि मोबाईलमध्ये एक ॲप घ्यायला लावलं. त्या ॲपमधून आपला पडदा त्याला दिसतो. त्यांच्या भाच्यानं वेळीच फोन हिसकावला म्हणून वाचलं. मदतीचा नंबर खोक्यावरचा किंवा ॲपमधलाच घ्या. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढं सरकतात.

दुसरी गोष्ट खात्याची. 'पहिला महिना फुकट' म्हणताना ते ऑटो-पेला परवानगी घेतात. मग दर महिन्याला पैसे आपोआप कापले जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कापण्याच्या किमान चोवीस तास आधी सूचना यायला हवी, पण ती इंग्रजीत असते आणि आपण वाचत नाही. एका सदस्येच्या खात्यातून असेच पैसे गेले आणि दुसऱ्या दिवशी कर्जाच्या हप्त्याला शिल्लक कमी पडली. हप्ता जातो त्या खात्याला ऑटो-पे जोडूच नका. यूपीआय ॲपमध्ये ऑटो-पेची यादी असते, तिथून ते रद्द करता येतं. नुसतं ॲप काढून टाकलं तरी कापणं थांबत नाही.

आणि खातं कुणाच्या नावावर? बहुतेक घरांत मुलाच्या. तो कामाला पुण्याला गेला, नंबर बदलला, की घरात कुणाला पासवर्ड माहीत नसतो. रिचार्ज तुम्ही भरता, तर नंबरही तुमचाच असू द्या. लहान मुलांसाठी वेगळं प्रोफाईल करून त्यांच्यावरच्या वयाच्या प्रोफाईलला पिन लावा. तो पिनही तुम्हालाच माहीत हवा.

प्लॅन घेताना एक विचारा, टीव्हीवर चालतो का? नेटफ्लिक्सचा मोबाईल प्लॅन स्वस्त आहे, पण टीव्हीवर दिसत नाही. विकत घेण्याआधी फुकटाचं बघून घ्या. यूट्यूब आहे. प्रसार भारतीचं वेव्हज ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात सुरू झालं, त्यावरही बरंचसं फुकट आहे. फक्त सह्याद्री आणि बातम्याच बघायच्या असतील तर इंटरनेट हवंच असंही नाही. डीडी फ्री डिशची छत्री एकदा विकत घेतली की महिन्याचं रिचार्ज लागत नाही.

जुनी छत्री लगेच उतरवू नका, महिनाभर दोन्ही चालवून बघा. पुढच्या बैठकीला येताना मोबाईल चार्ज करून आणा. ऑटो-पेची यादी कुठं असते ते प्रत्येकीच्या फोनवर उघडून बघू.