कडबाकुट्टीची पिन लावताच बटण का पडते?

बीड जिल्ह्यातील अनेक गोठ्यांत आता ज्वारीचा कडबा व उसाचे वाढे कुट्टी करूनच जनावरांपुढे टाकले जातात. त्यासाठी दोन अश्वशक्तीची सिंगल फेज मोटार असलेले यंत्र सोयीचे पडते. परंतु पिन लावताच बोर्डावरील बटण पडते, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. वायरमन लवकर मिळत नाही म्हणून काही शेतकरी बंधू ते बटण वगळून वायर थेट जोडतात. असे मुळीच करू नये.

प्रथम कोणते बटण पडले ते पाहावे. एमसीबी हे जादा प्रवाह झाल्यास पडते. ज्यावर 'टी' अक्षराचे छोटे बटण असते ते ईएलसीबी. ते गेलेला व परत आलेला प्रवाह यांची तुलना करते आणि साधारण 30 मिलिअँपिअरचा फरक पडताच वीज तोडते. म्हणजे तेवढी वीज यंत्राच्या लोखंडातून, ओलीतून किंवा कोणाच्या तरी अंगातून जमिनीत जात आहे.

एमसीबी पडत असेल तर दोष बहुधा भाराचा असतो. अशी मोटार चालताना 10 ते 12 अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. 16 अँपिअरचे 'बी' वर्गाचे एमसीबी हा झटका सोसत नाही; मोटारीसाठी 'सी' वर्गाचे लागते. नुसते जास्त अँपिअरचे बसवू नये, कारण मग आधी वायर जळते. घरापासून गोठ्यापर्यंत लांब व बारीक केबल ओढली असल्यास दाब कमी पडून मोटार उचलत नाही व झटका लांबतो. तांब्याची किमान 2.5 चौरस मि.मी. वायर वापरावी. यंत्र सुरू होऊन काही मिनिटांनी बटण पडल्यास पाती बोथट झाली आहेत काय किंवा चारा अडकला आहे काय, हे पिन काढून पाहावे.

ईएलसीबी पडत असेल तर दोष टप्प्याटप्प्याने शोधावा. सर्व पिना काढून बटण उचलावे. तरीही पडल्यास दोष फिटिंगमध्ये आहे. टिकल्यास फक्त एक्स्टेन्शन बोर्ड लावावा, नंतर यंत्राची पिन स्विच बंद ठेवून लावावी, शेवटी स्विच सुरू करावा. ज्या टप्प्यावर बटण पडेल तिथेच दोष शोधावा: उंदराने कुरतडलेली केबल, ओला बोर्ड किंवा पावसाळ्यात दमट झालेली मोटार. मोटार वायरमनकडून मेगरने तपासून घ्यावी. एक मेगओहमपेक्षा कमी रीडिंग आल्यास ती वाळवल्याशिवाय चालवू नये.

एक चूक मात्र पिना काढूनही सापडत नाही. गोठ्यातील बोर्डात न्यूट्रल व अर्थिंगची तार एकत्र पिळलेली असते. मग यंत्र निर्दोष असूनही परतीचा प्रवाह दोन वाटांनी फुटतो व साधा बल्ब लावला तरी ईएलसीबी पडते. या दोन तारा वेगळ्याच ठेवाव्यात.

पिनेचा तिसरा, जाड पाय काढून टाकल्यास बटण पडणे कधी कधी थांबते, पण दोष जात नाही. यंत्राचे लोखंड जिवंत राहते आणि पहिला स्पर्श बैलाचा किंवा म्हशीचा होतो. चारही पाय ओल्या जमिनीवर व पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, त्यामुळे जनावर माणसापेक्षा लवकर दगावते.

उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात अधूनमधून पाणी घालावे. 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबावे. दाबूनही वीज गेली नाही तर ते ईएलसीबी लगेच बदलून घ्यावे.