बीदर-कलबुर्गीचं पाणी: खडकाच्या पोटातल्या दहा गोष्टी

उदगीर सोडलं की बीदर जिल्हा लागतो, अक्कलकोट सोडलं की कलबुर्गी. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद इथल्या आठवडी बाजारात कन्नड, मराठी आणि दख्खनी उर्दू एकाच दमात ऐकू येते. बीदरला वर्षाकाठी पाऊस पडतो साधारण ८५० मिलिमीटर, कलबुर्गीला त्याहून कमी. धरणं आहेत, पण बहुतेक शेतकऱ्यांची भिस्त पाऊस, विहीर आणि बोअर यांवरच. म्हणूनच इथल्या भूजलाची गोष्ट सीमेच्या दोन्ही बाजूंच्या प्रत्येक शेतकऱ्याने ऐकण्यासारखी आहे.

१. एक तालुका, दोन नद्या

बसवकल्याण तालुक्यात पडलेल्या पावसाची दोन दिशांना वाटणी होते. चुळकी नाल्याचं पाणी मांजरेकडे म्हणजे गोदावरीत जातं. मुल्लामारीचं पाणी चिंचोळीकडे उतरतं आणि कागिणा, भीमा असं करत कृष्णेला मिळतं. एकाच ढगाचं पाणी शेकडो किलोमीटरच्या दोन वेगळ्या वाटांनी बंगालच्या उपसागरात पोहोचतं. बीदर जिल्हा बहुतांशी गोदावरीच्या खोऱ्यात, तर कलबुर्गी भीमेच्या. गाणगापूरला संगमावर स्नान करणाऱ्यांना भीमा-अमरजा ठाऊक असतेच. त्याच अमरजेवर वरच्या अंगाला आळंद तालुक्यात धरण आहे.

२. वर जांभा, खाली पाषाण

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. बीदरच्या पठारावर त्याच पाषाणाची झीज होऊन तांबडा जांभा बनला. जांभा स्पंजासारखा सच्छिद्र असल्याने पाऊस त्यात झिरपत जातो आणि खालच्या घट्ट पाषाणावर येऊन अडतो. मग तो आडवा सरकतो आणि पठाराच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतो. गुरू नानकांच्या स्मृतीशी जोडलेला गुरुद्वारा नानक झिरा साहिब इथला झरा असाच. नरसिंह झरणीच्या गुहेत तर भाविक छातीपर्यंतच्या पाण्यातून चालत देवापर्यंत जातात.

३. पंपाशिवाय वाहणारी नौबादची करेझ

बहामनी सुलतानांनी १५ व्या शतकात गुलबर्ग्याहून म्हणजे आजच्या कलबुर्गीहून राजधानी बीदरला आणली. उंच पठारावरच्या शहराला पाणी पुरवायचं कसं, हा पेच होता. इराणी जाणकारांच्या ज्ञानातून इथे करेझ उभ्या राहिल्या. जमिनीखाली, जांभा आणि पाषाण जिथे भेटतात त्या पट्ट्यात हलक्या उताराचा बोगदा खोदायचा आणि पाणी आपल्या वजनाने वाहत आणायचं. बीदरलगतच्या नौबादचा बोगदा दोन किलोमीटरहून लांब आहे. वरून ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी उतरवलेल्या आहेत. त्यांतून खोदाईचा मलबा वर निघे, हवा खाली जाई आणि लोक पोहऱ्याने पाणी शेंदत. शहरात शुक्लतीर्थ आणि जमुना मोरी याही करेझ आहेत. केरळचे भूगोलाचे प्राध्यापक गोविंदनकुट्टी यांनी आणि बीदरच्या तरुणांनी गेल्या दशकात नौबादच्या करेझचा माग काढला, तेव्हा बुजलेल्या विहिरींची रांग पुन्हा उजेडात आली.

४. करेझ उधार घेत नाही

करेझचं सगळ्यात मोठं शहाणपण तिच्या उतारात आहे. भूजलाची पातळी जेवढी, तेवढंच पाणी बोगद्यात येतं. पाऊस कमी झाला की धार बारीक होते आणि सगळ्या गावाला एकाच वेळी कळतं की यंदा हात आखडता घ्यायचा. करेझला खालचं साठवलेलं पाणी ओरबाडताच येत नाही. बोअरला येतं. पातळी शंभर फूट उतरली तरी मोटार आणखी खाली सोडता येते, आणि झरा आटल्याचं कळतं ते बोअर कोरडी पडल्यावरच. इराणच्या ११ कनातींना, म्हणजे करेझसारख्याच भुयारी जलवाहिन्यांना, २०१६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्याच कुळातली छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी आणि बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आपल्या जवळचे. दख्खनच्या पठारावरच्या ऐतिहासिक जलव्यवस्थांना वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने २०२० च्या आपल्या यादीत घेतलं.

५. मराठी घरांच्या पायाखालचा शहाबाद

जुन्या वाड्याची, शाळेची, एसटी स्टँडची शहाबादी फरशी आठवते? ते शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यातलं. जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, शहाबाद-सेडम-चित्तापूर पट्ट्यात, काळ्या पाषाणाऐवजी चुनखडीचा खडक आहे. फरशी सुटते ती त्याच्या थरांमुळे, आणि पाणी साठतं तेही थरांच्या फटीत नि भेगांत. म्हणून तिथे एका विहिरीला भरपूर पाणी आणि हाकेच्या अंतरावरची कोरडी, असं घडतं. भेग लागली तर लागली.

६. शंभरातले दोन

भालकीकडच्या एखाद्या उघड्या विहिरीच्या काठावर उभं राहून कडेने खाली पाहा. वर काळी माती, मग पिवळट मुरूम, मग भेगाळलेला खडक आणि तळाला अभंग पाषाण. ओल दिसते ती थरांच्या सांध्यावर, एका आडव्या रेघेत. बाकीची भिंत कोरडी ठाक. दख्खनच्या पाषाणात शंभर घनफूट खडकातून उपसण्याजोगं पाणी साधारण एक ते तीन घनफूटच मिळतं. दोन टक्के धरले, तर एका एकराखालची पातळी एक मीटर उतरली म्हणजे हाती आलं अवघं ८० हजार लिटर पाणी. खोल बोअर मारल्याने साठा वाढत नाही. बऱ्याचदा शेजाऱ्याच्या विहिरीचंच पाणी आपल्याकडे ओढलं जातं.

७. एक इंच पाऊस, एक लाख लिटर

एका एकरावर एक इंच पाऊस पडला की सुमारे एक लाख लिटर पाणी पडतं. मांजरा धरण आटलं आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या गाडीच्या पहिल्या खेपेत १० वाघिणींत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी आलं. म्हणजे पाच एकरांवरचा एका इंचाचा पाऊस. बीदरमध्ये सरासरीच्या वर्षी एका एकरावर ३४ लाख लिटर पाऊस पडतो. त्यातला थोडासा जरी बांधाने, चराने, शेततळ्याने शिवारात थांबला, तरी गाडी बोलावण्याची पाळी येत नाही.

८. ऊस आणि तूर

उसाला वाढीच्या काळात १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागतं. एकरी ६० लाख ते १ कोटी लिटर. पाऊस देतो ३४ लाख, आणि तोही सगळा पिकाला मिळत नाही. कमीत कमी २६ लाखांची तूट धरली आणि ती फक्त भूजलातून भरायची म्हटली, तर ढोबळ हिशेबाने तीस एकरांखालची पातळी एक मीटर उतरते. एका एकराच्या उसासाठी तीस एकरांचं पाणी! ऊस लावणाऱ्याचा यात दोष नाही. ऊस विकला जाण्याची खात्री असते, कडधान्याच्या भावाची नसते. पण कलबुर्गीची तूर पाहा. तिचं सोटमूळ काळ्या जमिनीत खोल उतरतं आणि पावसाळा संपल्यावरही मुरलेल्या ओलीवर पीक उभं राहतं. गुलबर्गा तूर डाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तुरीला पक्का भाव मिळवून देणं हे पाणी वाचवण्याचंच काम आहे. ठिबकने उसाचं पाणी वाचतं हे खरं, पण वाचलेल्या पाण्यावर उसाचंच क्षेत्र वाढवलं तर पातळी काही वर येत नाही.

९. कायदे दोन, पाणी एकच

महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा, २०१४ पासून लागू. त्यात ६० मीटरहून खोल ती खोल विहीर मानली आहे. कर्नाटकाचा कायदा २०११ चा. अधिसूचित भागात बोअर घ्यायची तर परवानगी हवी. पण देवणी-उदगीरकडून औराद-भालकीकडे जाणारा पाषाणाचा थर राज्याची हद्द ओळखत नाही. १९५६ पर्यंत तर उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. अलीकडच्या बोअरने पलीकडची विहीर आटते, आणि पलीकडच्या पाझर तलावाने अलीकडची भरते. सीमेवरच्या गावांनी पाण्याचा ताळेबंद एकत्र बसून मांडणं दोघांच्याही हिताचं आहे.

१०. जुन्या विहिरी पुन्हा भरतात

२०१५-१६ च्या दुष्काळात बीदरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी अनुराग तिवारी यांनी लोकांना सोबत घेऊन तलावांचा आणि जुन्या विहिरींचा गाळ काढायला घेतला. कचऱ्याचे उकिरडे झालेल्या विहिरी साफ झाल्या. उघडी विहीर वरच्या थरातलं पाणी देते, आणि हाच थर दर पावसाळ्यात पुन्हा भरतो. तिच्यात डोकावता येतं, दोरी सोडून पाणी किती परस उरलं ते मोजता येतं. बोअरची अशी नजरेने पारख होत नाही.

मग आपण काय करायचं? तीन कामं, आणि तिन्ही या वर्षीच करता येण्याजोगी. पहिलं, दिवाळीला आणि मे महिन्यात गावातल्या चार-पाच विहिरींची पातळी मोजून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. दुसरं, बोअरभोवती खड्डा घेऊन मोठे दगड, खडी आणि वाळूचे थर द्या आणि पावसाचं गाळलेलं, स्वच्छ पाणी आत सोडा. खत-औषधाचं पाणी मात्र थेट जाऊ देऊ नका. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, रब्बीची पेरणी ठरवण्याआधी फळ्यावरचा आकडा पाहा आणि उसाचं क्षेत्र गावाने मिळून ठरवा. बीदरच्या करेझने पिढ्यान् पिढ्या शहर जगवलं ते मुरलं तेवढंच घेऊन. बोअरच्या काळात ही मर्यादा उतार पाळत नाही, ती माणसांनीच पाळायची आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय तुम्हीच मांडा.