चष्म्याच्या भिंगावरील अदृश्य लेप

पुण्याच्या कसबा पेठेंत तांबट आळी आहे. पेशवाईच्या काळापासून तेथें तांब्यापितळेचीं भांडीं घडविलीं जात आहेत. भांड्याला आकार आला म्हणजे कारागीर तें मठारतो. मठारलेल्या अंगावरील प्रत्येक ठसा लहानशा आरशासारखा चमकूं लागतो. कामाची परीक्षा त्या चमकेंतच असते. ठोका कोठें चुकला, ओळ कोठें वांकडी गेली, हें प्रकाशाच्या तिरिपेवरून कळतें. चाळिशी उलटल्यावर असें बारीक काम चष्म्यावांचून होत नाहीं. आणि चष्मा लावला कीं दुसरीच अडचण उभी राहते. पाठीमागच्या दाराचा उजेड भिंगाच्या आंतल्या बाजूवर पडून डोळ्यांत येतो, आणि जें पाहावयाचें त्यावर पांढुरकें पटल पसरतें. अशा वेळीं चष्म्याचा दुकानदार परावर्तनरोधक लेप सुचवितो. तो घ्यावा कीं नाहीं, घ्यावा तर कोणता, आणि मोजलेल्या पैशांच्या मोबदल्यांत पदरांत काय पडतें?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा लेप समोरच्या भांड्याची चमक कमी करीत नाहीं. ती चमक भांड्याकडून आलेला प्रकाश आहे, आणि लेप तर अधिकच प्रकाश आंत येऊं देतो. लेपानें नाहींसें होतें तें भिंगाचें स्वतःचें परावर्तन. उन्हाच्या दाहावर रंगीत भिंग हा उपाय. ओल्या रस्त्यावरून किंवा पाण्यावरून उसळणाऱ्या तिरिपेवर ध्रुवित भिंग हा उपाय. धातूवरून परतणाऱ्या प्रकाशाचें ध्रुवीकरण अल्पच होत असल्यामुळें तांब्याच्या चमकेवर त्या ध्रुवित भिंगाचाही फारसा उपयोग होत नाहीं.

साध्या कांचेचा वक्रीभवनांक सुमारे १.५ असतो. अशा कांचेवर सरळ पडलेल्या प्रकाशाचे शंभर भाग मानले, तर पहिल्या पृष्ठावरून सुमारे ४ भाग मागें फिरतात आणि जवळजवळ तितकेच दुसऱ्या पृष्ठावरून. पलीकडे पोंचतात ते ९२. आज बहुतेक चष्म्यांत प्लॅस्टिकचीं भिंगें असतात. त्यांतील नेहमीच्या जातीचा अंक कांचेइतकाच आहे. परंतु मोठ्या नंबरासाठीं जीं पातळ भिंगें घेतात त्यांचा अंक १.६७ किंवा १.७४ असतो, आणि मग प्रत्येक पृष्ठावरून ६ ते ७ भाग परत जातात. म्हणजे भिंग जितकें पातळ, तितकी त्यास लेपाची गरज अधिक.

शंभरांत आठ भाग गेले तर बिघडलें काय, असें कोणी म्हणेल. दिवसां तें बऱ्याच अंशीं खरें आहे. रात्रीं मात्र निराळा प्रकार घडतो. भिंगाच्या दोन पृष्ठांमध्यें मागें-पुढें उडालेला प्रकाशही अखेर डोळ्यांत शिरतो. दहा लाख भागांत तो १६०० भाग असतो. काळोख्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या मोटारीचा दिवा इतका प्रखर असतो कीं, तेवढ्यानेंही त्याच्याशेजारीं दुसरा फिकट दिवा दिसूं लागतो. कसबा गणपतीच्या उत्सवांतील दिव्यांच्या माळा चष्मेवाल्यास दुप्पट भासाव्यात, यांत गंमत आहे. वाहन हांकणाऱ्यास मात्र ती गंमत महाग पडते. प्रत्येक पृष्ठाचें परावर्तन अर्ध्या टक्क्यावर आणलें, तर तेच १६०० भाग २५ वर येतात, म्हणजे चौसष्टपटीनें घटतात. लेपाचा मोठा लाभ येथें आहे.

हें घडतें कसें? प्रकाश हा लहरींच्या रूपानें चालतो. भिंगावर पातळ थर दिला म्हणजे परावर्तनें दोन होतात, एक थराच्या वरच्या अंगाहून व दुसरें खालच्या अंगाहून. थराची जाडी त्याच्यांतील प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतकी ठेवली, तर खालून परतणारी लहर जाऊन-येऊन अर्ध्या तरंगलांबीनें मागें पडते. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येतो आणि दोघी एकमेकींस मारक होतात. मागें न फिरलेला तो प्रकाश वायां जात नाहीं. तो भिंगांतून पुढें जातो. असा थर एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका जाड असतो.

या शोधाचा आरंभ मोठा मौजेचा आहे. १८८६ सालीं लॉर्ड रॅले यांस असें आढळलें कीं, जुनाट होऊन मळकटलेली कांच नव्या कांचेपेक्षां कमी प्रकाश परत फेंकते. पुढें इंग्लंडांतील दुर्बिणी बनविणारे डेनिस टेलर यांनींही जुन्या भिंगांविषयीं तेंच पाहिलें, आणि १९०४ सालीं रासायनिक उपायांनीं तसा थर उत्पन्न करण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. १९३५ सालीं येना येथील त्साइस कारखान्याचे अलेक्झांडर स्माकुला यांनीं निर्वात पात्रांत द्रव्याची वाफ करून ती भिंगावर बसविण्याची रीत सिद्ध केली. १९३८ सालीं अमेरिकेंत कॅथरिन ब्लॉजेट यांनीं एकेका रेणूच्या जाडीचे ४४ थर एकावर एक चढवून कांच जणू अदृश्य केली; परंतु तो लेप इतका मऊ होता कीं, पुसतांच निघून जाई. टिकाऊपणाचा हा प्रश्न आजही लेपाच्या निवडींत मुख्य आहे.

आतां प्रकारांची तुलना करावी. पहिला प्रकार एका थराचा. त्यासाठीं मॅग्नेशियम फ्लुओराइड हें द्रव्य वापरतात. त्याचा अंक १.३८ आहे, १.५ च्या कांचेस १.२२ अंकाचें द्रव्य अचूक ठरलें असतें, पण तसें टणक द्रव्य सांपडत नाहीं. म्हणून एका थरानें परावर्तन चार टक्क्यांवरून सुमारे दीड टक्क्यावर येतें. शिवाय तो थर हिरव्या-पिवळ्या प्रकाशासाठीं जुळविलेला असल्यामुळें तांबडा व निळा प्रकाश थोडा परततो, आणि भिंगावर जांभळट झांक दिसते. हा थर घट्ट बसविण्यास कांच बरीच तापवावी लागते. तेवढी उष्णता प्लॅस्टिकला सोसत नाहीं.

दुसरा प्रकार अनेक थरांचा. यांत कमी अंकाचें सिलिकॉन डायॉक्साइड आणि अधिक अंकाचें टायटेनियमचें अथवा झिर्कोनियमचें ऑक्साइड यांचे थर आळीपाळीनें देतात. एका थराच्या आंवाक्यांतून सुटलेला रंग दुसरा थर आंवरतो, त्यामुळें प्रत्येक पृष्ठाचें परावर्तन एक टक्क्याच्या आंत येतें. उरते ती बहुधा मंद हिरवी झांक. चांगल्या प्रतींत लेपाच्या खालीं ओरखडे आंवरणारा कठीण थर आणि वर पाणी व तेल न धरणारा निसरडा थर असतो. हा निसरडा थर म्हणजे केवळ चैन नव्हे. लेप दिलेल्या भिंगावर बोटाचा ठसा अधिक उठून दिसतो, आणि वरचेवर पुसण्यानेंच लेप लौकर झिजतो.

तिसरा प्रकार निळसर प्रकाश परतविणाऱ्या लेपाचा. संगणकापुढें बसणाऱ्यांचा डोळ्यांचा शीण त्यानें कमी होतो, असें सांगून तो विकला जातो. २०२३ सालीं कॉक्रेन संस्थेनें १७ प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हां साध्या भिंगाच्या तुलनेनें असा लाभ त्यांत दिसून आला नाहीं. केवळ त्या हेतूनें अधिक पैसे देणें सुज्ञपणाचें नव्हे.

निवड अखेर कामावर अवलंबून असते. रात्रीं वाहन हांकणारा, पातळ भिंगें वापरणारा, दिव्याखालीं शिवणारा किंवा वाचणारा, यांनीं दोन्ही पृष्ठांवर अनेक थरांचा लेप घ्यावा. पुढच्याच बाजूस लेप असेल तर पाठीमागचा उजेड डोळ्यांत येतच राहतो. तांबटाची गोष्ट थोडी निराळी आहे. प्लॅस्टिक उष्णतेनें पुष्कळ प्रसरण पावतें, वरचे थर अल्प. म्हणून भट्टीजवळ वारंवार तापणाऱ्या भिंगाच्या लेपास कोळ्याच्या जाळ्यासारख्या सूक्ष्म भेगा पडतात, आणि मग भिंग बदलण्यावांचून गति राहत नाहीं. उन्हांत बंद ठेवलेल्या मोटारींतही हेंच होतें. भट्टी व घणाच्या कामास लेपावांचूनचें, सहसा न फुटणारें पॉलिकार्बोनेटचें भिंग आणि मठारकाम पारखण्यास लेपाचें, असे दोन चष्मे ठेवणें त्यास हिताचें.

दुकानांत परीक्षा सोपी आहे. छताचा दिवा भिंगांत पाहावा. प्रतिबिंब पांढरें व झगझगीत दिसलें तर लेप नाहीं. मंद व रंगीत दिसलें तर आहे. भिंग उलटून दुसरें पृष्ठही तसेंच पाहावें.

निगा तितकीच सोपी. तांब्याचें भांडें चिंचेनें व राखेनें उजळतें. भिंगाला या दोहोंपासून दूर ठेवावें. उपरण्याच्या किंवा पदराच्या टोकानें कोरडें पुसल्यास धुळीचे कणच कानशीचें काम करतात. आधीं थंड पाण्यानें धूळ वाहूं द्यावी, सौम्य साबणाचा थेंब बोटानें फिरवावा, पुन्हां धुवावें, आणि मग स्वच्छ मऊ कापडानें टिपावें. एवढें केलें म्हणजे लेप डोळ्यांस दिसत नाहीं, आणि भांड्यावरचा चुकलेला ठोका मात्र स्पष्ट दिसतो.