मंगळवारचे भजन आणि माझा केसपेपर

मंगळवारी दुपारी चार ते सहा या वेळेत माझ्या दवाखान्यात वयस्कर स्त्रिया सहसा येत नाहीत. ही बाब माझ्या ध्यानात येण्यास बरीच वर्षे लागली, आणि तीही आमच्या कंपाउंडरने दाखवून दिली म्हणून. "आज मंगळवार आहे, आज्या सगळ्या विठ्ठलमंदिरात असणार," असे तो सहज म्हणाला. एरवी ज्यांचे गुडघे, कंबर, पित्त आणि धडधड यांनी माझी संध्याकाळ व्यापलेली असते, त्या सर्वजणी त्या वेळी महिला भजनी मंडळात टाळ घेऊन बसलेल्या असतात. मी हे हसण्यावारी नेले. दुखणे खरे असते तर मंगळवारी कसे थांबले असते, असा एक उद्धट विचारही मनात येऊन गेला, हे कबूल करतो.

मार्च २०२० मध्ये मंदिरे बंद झाली आणि भजनही बंद झाले. पुढे नोव्हेंबरात ती उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, पुन्हा उघडली. या दीड वर्षात आमच्या भागातील वृद्धांची दुखणी वाढली, आणि ती सगळीच करोनाची नव्हती. झोप लागत नाही, जेवण जात नाही, छातीत काहीतरी होते, डोके बधिर वाटते, अंगात कणकण आहे, अशा तक्रारी असत. रक्त तपासावे तर सारे ठीक, हृदयाचा आलेख काढावा तर तोही ठीक.

त्यांपैकी एका आजींची हकिगत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय बाहत्तर, यजमान जाऊन चार वर्षे झालेली, मुलगा-सून प्रेमळ. तीन महिन्यांत त्या माझ्याकडे सात वेळा आल्या. मी पित्ताची गोळी दिली, वेदनाशामक दिले, जीवनसत्त्वे दिली, शेवटी झोपेचीही सौम्य गोळी दिली. वजन मात्र चार किलोंनी उतरले. सातव्या वेळी सूनबाई दारापर्यंत जाऊन परत वळल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, एक सांगू का? आई आता गुणगुणत नाहीत. पूर्वी पोळ्या लाटताना सारख्या गुणगुणायच्या."

जे मला सात भेटींत सापडले नाही, ते त्या माउलीने एका वाक्यात सांगितले. आजींना परत बसवून मी दोन प्रश्न विचारले. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, निराश वाटते का? पूर्वी ज्यात जीव रमत असे, त्यात आता रस वाटेनासा झाला आहे का? वैद्यकात हे दोन प्रश्न नैराश्याच्या प्राथमिक चाळणीसाठी वापरले जातात आणि ते विचारण्यास एक मिनिटही पुरते. आजींनी दुसऱ्या प्रश्नाला उत्तर दिले नाही. त्या रडू लागल्या.

वार्धक्यातील नैराश्य बहुधा शरीराच्या तक्रारींचा वेश घेऊन येते. आपल्याकडे 'मला उदास वाटते' असे म्हणणे वृद्धांना संकोचाचे वाटते. 'पाय गळून गेले' असे म्हणणे सोपे जाते. म्हणून घरच्यांनी तक्रारीबरोबर सवयींकडेही पाहावे. पूजा आटोपती झाली का, वर्तमानपत्र न उघडताच बाजूला पडते का, शेजारणीला हाक मारणे थांबले का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मात्र उदासी दिसली की लगेच नैराश्याचा शिक्काही मारू नये. थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावणे, रक्ताल्पता, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, काही औषधांचे दुष्परिणाम आणि कमी ऐकू येणे, या साऱ्यांचे चित्र बरेचसे तसेच दिसते.

आजींच्या तपासण्या केल्या, मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घेतला आणि नैराश्यावरील औषध अल्प मात्रेत सुरू केले. त्याच सुमारास मंडळातील चार-पाचजणींनी एका मोकळ्या अंगणात, अंतर राखून, भजन पुन्हा सुरू केले. आजी तीन महिन्यांत सावरल्या. औषधाने की भजनाने, हे मला सांगता येणार नाही. एका रुग्णावरून ते सांगता येतही नाही.

त्यासाठी शास्त्राकडे वळावे लागते. इंग्लंडच्या पूर्व केंट भागात साठीपुढील २५८ व्यक्तींवर एक अभ्यास झाला. २०१५ साली तो ब्रिटनमधील मनोविकारशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने दोन गट पाडले गेले. एका गटाने चौदा आठवडे, आठवड्यातून एकदा, एकत्र गायन केले. दुसऱ्याचे जीवन नेहमीप्रमाणे चालू राहिले. तीन महिन्यांनी गाणाऱ्यांमध्ये चिंता व उदासीचे प्रमाण कमी आढळले आणि सहा महिन्यांनीही त्यांच्या मानसिक स्वास्थ्याचा दर्जा काहीसा वरचढ होता. दुसरा मोठा अभ्यास सॅन फ्रान्सिस्कोचा. तेथे बारा ज्येष्ठ नागरिक केंद्रांत ३९० जणांचा सहभाग होता. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात समूहगायनाने एकाकीपणा घटला आणि जगण्यातील रस वाढला. परंतु स्मरणशक्ती, बुद्धीची चपळता किंवा शारीरिक क्षमता यांत लक्षणीय फरक पडला नाही. 'गाणे म्हणा आणि स्मृतिभ्रंश टाळा' अशा मजकुराचे संदेश भ्रमणध्वनीवर फिरत असतात, म्हणून हा दुसरा निष्कर्ष मी मुद्दाम सांगत आहे.

मग भजनात नेमके काय घडते? पहिली गोष्ट श्वासाची. चरण लांबवून म्हणताना उच्छ्वास दीर्घ होतो, आणि सावकाश उच्छ्वासाने हृदयाची गती थोडी मंदावते. प्राणायामात जे प्रयत्नपूर्वक साधावे लागते, ते येथे नकळत होते. दुसरी गोष्ट अवधानाची. एकीने चरण म्हणायचा, बाकीच्यांनी ध्रुपद झेलायचे, टाळ समेवर यायला हवा. अशा वेळी मनाला त्याच त्या चिंतेभोवती फिरण्यास सवड राहत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते आणि तिचा संगीताशी फारसा संबंध नाही. मंडळात एखादी आली नाही तर तिची अनुपस्थिती जाणवते. "आज का नाही आल्या?" असे विचारायला कोणीतरी संध्याकाळी दाराशी येते. घरात मुले-नातवंडे असूनही कित्येक वृद्धांच्या आयुष्यात आपल्यावाचून काही अडते, असे ठिकाण उरलेले नसते. ऑक्सफर्डमधील संशोधकांनी प्रौढांचे गायनाचे आणि हस्तकला, लेखन अशा इतर विषयांचे वर्ग सात महिने अभ्यासले. गाणाऱ्यांची मने लवकर जुळली. परंतु सात महिन्यांच्या अखेरीस इतर वर्गांतील मंडळीही तितकीच जवळ आलेली होती. गळा गोड नाही म्हणून कोणी हिरमुसण्याचे कारण नाही, असा मी याचा अर्थ लावतो. गोधडी शिवणारा गट, रांगोळीचा गट, नाट्यवाचन, जुन्या चित्रपटगीतांची बैठक, यांतले काहीही चालेल. ज्यांना भजनात रुची नाही, ज्यांचा धर्म निराळा आहे वा जे देवच मानत नाहीत, त्यांनाही संध्याकाळी जाण्यास जागा हवीच.

पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालविला आहे. ज्या आजारात पाऊल जमिनीला चिकटल्यासारखे होते, त्यातील रुग्णांना तालाचा आधार मिळाला की पाऊल पुष्कळदा अधिक सहज पडते, हे चेतासंस्थेच्या अभ्यासकांना परिचित आहे. पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे रुग्णांचे स्वमदत गटही तेथे आहेत. लोकांसमोर हात थरथरतो या लाजेने घरी बसलेल्या माणसाला, जेथे सर्वांचेच हात थरथरतात अशा खोलीत मोकळे वाटते, हा लाभ कोणत्याही तपासणीत मोजता येत नाही.

आपल्याकडे हे नवे नाही. जात्यावरची ओवी हे स्त्रियांचे मन मोकळे करण्याचे फार जुने ठिकाण होते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी अनेक वर्षे गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत सासर, माहेर, भाऊ, वैधव्य, सारे आले आहे. पिठाची गिरणी आली हे उत्तमच झाले, पहाटे उठून दळण्याचे कष्ट कोणी परत मागू नयेत. पण दोघी समोरासमोर बसून जे बोलत असत, त्याला गिरणीच्या रांगेत जागा मिळाली नाही.

वैधव्याचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर. हळदीकुंकू, मंगळागौर हे गाणी-खेळांनी भरलेले समारंभ आहेत, परंतु पती गेल्यावर स्त्रीला ज्या काळात माणसांची सर्वाधिक गरज असते, नेमके तेव्हाच त्यांचे दार तिच्यासाठी बंद होते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याला मी आरोग्याचाही निर्णय मानतो. भजनी मंडळाचे मोठेपण हे की तेथे कपाळ पाहून टाळ दिला जात नाही. जात पाहून तो दिला जातो का, हे प्रत्येक मंडळाने आपापल्या मनाशी तपासावे.

आता माझी एक चूक. आजींच्या अनुभवाने मी इतका भारावलो की काही दिवस दिसेल त्याला भजनाला पाठवू लागलो. एक निवृत्त गृहस्थ निद्रानाशाची तक्रार घेऊन आले. मी फार खोलात न जाता, "घरी बसू नका, पुरुषांच्या मंडळात जा," असे सांगून त्यांना वाटेला लावले. ते दोनदा गेले. दुसऱ्या वेळी त्यांचा ताल चुकला, तेव्हा एका जाणकाराने सर्वांसमोर टोकले. ते पुन्हा गेले नाहीत. जे सर्वांना जमते तेही आपल्याला जमत नाही, हा त्यांचा समज दृढ झाला. महिन्याभराने त्यांचे बोलणे निरवानिरवीचे होऊ लागले. मुलाने ते वेळीच ओळखले म्हणून अनर्थ टळला. त्यांना तीव्र नैराश्य होते आणि त्यांना त्या क्षणी तज्ज्ञांच्या उपचारांची आवश्यकता होती. इतक्या खोल गेलेल्या माणसाला 'चार लोकांत मिसळा' हा सल्ला बोच देऊन जातो.

म्हणून काळजीवाहकांना विनंती. जगण्यात अर्थ नाही, मी भार झालो आहे, आता सुटलेले बरे, असे शब्द कानी पडले, माणूस अन्नपाणी सोडू लागला किंवा आवडत्या वस्तू वाटून टाकू लागला, तर मंडळाची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे आणि त्या व्यक्तीला एकटे ठेवू नये. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीतही बोलता येते. चालू असलेले औषध मन रमू लागले म्हणून आपल्या मनाने बंद करू नये.

काळजी घेणाऱ्यांविषयी एक स्वतंत्र लेख व्हायला हवा. तूर्त एकच उदाहरण. आमच्या मंडळातील एका बाईंच्या यजमानांना स्मृतिभ्रंश झाला. त्यांना एकटे सोडता येईना, म्हणून बाईंचे भजन सुटले. वर्षभरात बाईंचाच रक्तदाब आवरेना. मंडळातील मैत्रिणींनी उपाय काढला तो असा: महिन्यातील एक मंगळवार भजन त्यांच्याच ओसरीवर. यजमानांना पत्नीचे नाव आठवत नाही, परंतु पाठ असलेल्या अभंगाचा चरण सुरू झाला की पुढचे शब्द त्यांच्या तोंडून येतात. स्मृतिभ्रंशात लहानपणीची गाणी पुष्कळदा अशी उशिरापर्यंत टिकून राहतात. त्याने आजार मागे हटत नाही. त्या दोन तासांत बाईंना नवऱ्याशेजारी पत्नी म्हणून बसता येते, एरवी त्या परिचारिका असतात.

मी आता केसपेपरवर रक्तदाब आणि साखर यांच्याखाली एक ओळ मोकळी ठेवतो: कोठे जाता? उत्तर 'कोठेही नाही' असे आले तर पुढच्या भेटीत पुन्हा विचारतो. मंडळांनाही काही सांगत असतो. ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांच्यासाठी खुर्च्या असाव्यात आणि त्या मागे नकोत, वर्तुळातच असाव्यात. ध्वनिक्षेपक शक्यतो बंद असावा. श्रवणयंत्र लावणाऱ्यांना त्या आवाजात टाळ आणि शब्द यांचा नुसता कालवा ऐकू येतो. (हे मी प्रत्येक उत्सवात सांगतो आणि प्रत्येक उत्सवात तो लागतोच.) प्रसादात साखरेबरोबर शेंगदाणे, फुटाणेही असावेत. अंधार पडण्यापूर्वी समाप्ती व्हावी. नव्या माणसाचा ताल चुकला तर पहिले सहा महिने कोणी टोकू नये.

सध्या आमच्या मंडळापुढे प्रश्न सभामंडपाच्या तीन पायऱ्यांचा आहे. त्यांना कठडा नाही आणि श्रावणात एक आजी तेथे घसरल्या. सुदैवाने हाड मोडले नाही. वर्गणी जमली आहे, मापेही घेऊन झाली आहेत. वेल्डर दिवाळीनंतर येतो म्हणाला आहे. तोवर मंगळवारी पावणेचार वाजता आमचा कंपाउंडर त्या पायऱ्यांपाशी जाऊन उभा राहतो. त्या वेळी दवाखान्यात गर्दी नसतेच.